परक्या निवडणुकीचे साक्षीदार



या व्याख्यानमालेत आजवर आपण अनेक थोर विषय ऐकले असतील. त्या मानाने आजचा विषय जरा आडवाटेचा आहे. एखाद्या देशात निवडणूक जाहीर होते आणि भलत्याच देशांतली काही माणसे आपापली कामे बाजूला ठेवून तेथे जाऊन पोहोचतात. त्यांत कोणी निवृत्त न्यायाधीश असतो, कोणी प्राध्यापक, कोणी वकील, कोणी धर्मोपदेशक, तर कोणी साधी शाळेतली शिक्षिका असते. त्या देशात त्यांना मत नाही, उमेदवारी नाही, नात्यागोत्याचे कोणी नाही. ही मंडळी वही घेऊन गावोगाव हिंडतात, प्रचाराच्या सभा पाहतात, तक्रारी ऐकतात आणि अखेरीस जगाला सांगतात की, ही निवडणूक रास्तपणे झाली किंवा झाली नाही. अशा शिष्टमंडळांविषयी मला आज आपल्याशी बोलावयाचे आहे.

आपल्यापैकी काहींच्या मनात एव्हाना प्रश्न आला असेल, “अहो, पण यांना विचारले कोणी? आपल्या घरचे लग्न, त्यात शेजारच्या गावच्या माणसाने पंगती मोजायला का यावे?” हा प्रश्न अगदी योग्य आहे आणि मी त्याला बगल देणार नाही. मात्र त्याचे उत्तर देण्याआधी ही माणसे तेथे जाऊन नेमके काय पाहतात, हे समजून घेतले पाहिजे. कारण माझे सारे म्हणणे एवढेच आहे की, या पाहुण्यांना अधिकार कसलाच नसतो. ते मतदान थांबवू शकत नाहीत, कोणाला शिक्षा करू शकत नाहीत, निकाल फिरवू शकत नाहीत. त्यांच्याजवळ असते ती फक्त साक्ष. आणि साक्षीची किंमत तीन गोष्टींवर ठरते: साक्षीदार केव्हा आला, किती दिवस राहिला आणि कोणाच्या शेजारी उभा राहिला.

ही प्रथा आपण समजतो तेवढी नवी नाही. १८५६ साली क्रिमियाचे युद्ध संपले आणि पॅरिसचा तह झाला. डॅन्यूब नदीच्या काठी मोल्दाव्हिया आणि वालाकिया अशी दोन संस्थाने होती. आज त्यांचा मोठा भाग रुमानियात आहे. या दोघांनी एक व्हावे की वेगळे राहावे, याबद्दल तेथल्या लोकांचे मत घ्यावे असे ठरले, आणि त्यावर नजर ठेवण्यासाठी युरोपातील सत्तांचे एक कमिशन नेमले गेले. परक्या निवडणुकीवर देखरेख ठेवण्याच्या इतिहासाची सुरुवात बहुतेक अभ्यासक येथूनच करतात. पुढे काय झाले पाहा. १८५७ च्या जुलैत मोल्दाव्हियात मतदान झाले आणि एकीकरणाच्या विरोधकांचा विजय झाला. प्रत्यक्षात तेथला कारभारी निकोलाय व्होगोरिदे याने मतदानाच्या आधीच मतदारयाद्यांत फेरफार करून एकीकरणवाद्यांची नावे गाळून टाकली होती. पेटीत गैरप्रकार करण्याची गरजच उरली नाही, कारण ज्यांची मते नको होती ते पेटीपर्यंत पोहोचणारच नव्हते! बोभाटा झाला, फ्रान्स आणि रशिया यांनी आक्षेप घेतला, ती निवडणूक रद्द करावी लागली आणि सप्टेंबरात दुरुस्त याद्यांवर पुन्हा मतदान झाले. या वेळी एकीकरणवादी प्रचंड बहुमताने निवडून आले. संस्थान तेच, माणसे तीच, मध्ये गेले दोन महिने. बदलली होती ती फक्त यादी.

या जुन्या गोष्टीत आजच्या विषयाचे बीज आहे. निवडणुकीत लबाडी करावयाची तर मतपेटी फोडणे हा सर्वांत अडाणी मार्ग आहे. शहाणा लबाड मतदानाच्या दिवसापर्यंत थांबत नाही. आपल्याकडे कुस्त्यांचे फड भरतात. समजा, हलगी वाजू लागल्यावर पंच फडात आला. माती चांगली मळलेली आहे, दोन्ही मल्ल लंगोट कसून उभे आहेत, सलामी झाली, कुस्ती नियमाप्रमाणे झाली, एकाची पाठ टेकली. पंच म्हणेल, कुस्ती चोख झाली. पण त्यातला एक मल्ल सहा महिने दूध, तूप, बदाम खात होता आणि दुसऱ्याला कोणी तालमीचे दारच उघडू दिले नव्हते, हे त्या पंचाला कसे दिसावे? ते पाहायचे तर त्याने सहा महिने आधी तालमीच्या दाराशी येऊन उभे राहिले पाहिजे.

निवडणुकीत हे तालमीचे दार म्हणजे प्रचाराचा काळ. त्यात कोणत्या गोष्टी पाहावयाच्या? पहिली, मतदारयादी. नावे कोणाची आहेत, कोणाची गळली आहेत, मेलेल्यांची किती राहिली आहेत. दुसरी, उमेदवारी. प्रतिस्पर्ध्याचा अर्ज फालतू कारणावरून फेटाळला गेला काय, किंवा ऐन वेळी त्याच्यावर खटला उभा राहिला काय. तिसरी, सभा. एका पक्षाला गावचा चौक मिळतो आणि दुसऱ्याला “मैदानाची दुरुस्ती चालू आहे” असे सांगण्यात येते काय. चौथी, सरकारी साधने. सरकारच्या मोटारी, सरकारचे कर्मचारी, सरकारची तिजोरी ही राज्यकर्त्या पक्षाच्या प्रचाराला जुंपली आहेत काय. पाचवी, वर्तमानपत्रे, रेडिओ आणि टेलिव्हिजन. आणि सहावी, जी कागदावर कधीच उमटत नाही ती, म्हणजे भीती. नोकरी जाण्याची, रेशन बंद होण्याची, रात्री दारावर थाप पडण्याची भीती.

हे सारे तपासण्याची पद्धत काळाच्या ओघात बरीच पक्की झाली आहे. युरोपातील सुरक्षा व सहकार्य संघटनेचे यासाठी एक कार्यालय आहे, ते पोलंडमध्ये वॉर्सा येथे आहे. या कार्यालयाच्या पूर्ण स्वरूपाच्या निरीक्षणात जाणकारांची एक मुख्य तुकडी मतदानाच्या सहा ते आठ आठवडे आधी राजधानीत ठाण मांडते. मागोमाग दीर्घकाळ राहणारे निरीक्षक येतात आणि जोडीजोडीने प्रांतोप्रांती पांगतात. जोडीतली दोन माणसे एकाच देशाची ठेवीत नाहीत, म्हणजे एकाचा कल दुसऱ्याच्या नजरेतून निसटत नाही. ते जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना भेटतात, सर्व पक्षांच्या कचेऱ्यांत जातात, सभेच्या मागच्या बाजूला उभे राहून ऐकतात. राजधानीत काही जण रोज ठराविक वेळ टेलिव्हिजनसमोर बसून घड्याळ लावून मोजतात की, कोणत्या उमेदवाराला किती सेकंद मिळाले आणि त्या सेकंदांत त्याच्याविषयी बरे बोलले गेले, वाईट बोलले गेले की तटस्थपणे. अल्पकाळ राहणारे निरीक्षक मोठ्या संख्येने येतात ते अगदी शेवटी, मतदानाच्या दोन-चार दिवस आधी. वर्तमानपत्रांत फोटो छापून येतो तो बहुधा या शेवटच्या मंडळींचा. खरी मेहनत मात्र आधीच्यांची असते, आणि ती कंटाळवाणी असते. परंतु सत्य शोधण्याचे काम बहुधा कंटाळवाणेच असते, हे आपल्यातले वकील आणि हिशेबनीस चांगले जाणतात.

प्रचाराचा काळ मोकळा झाला की काय घडू शकते, याचे एक उदाहरण चिलीचे आहे. दक्षिण अमेरिकेतल्या या देशात १९७३ साली लष्कराने सत्ता घेतली आणि जनरल पिनोशे राज्य करू लागला. जुन्या मतदारयाद्याही त्या राजवटीत नष्ट केल्या गेल्या. १९८८ साली घटनेतल्या तरतुदीप्रमाणे एकच प्रश्न लोकांपुढे आला: पिनोशेने आणखी आठ वर्षे राहावे काय? होय किंवा नाही. त्याआधी १९८७ मध्ये नव्या याद्या उघडल्या गेल्या, आणि नागरिकांच्या संस्थांनी घरोघर जाऊन लोकांना नावे नोंदवायला लावले. सत्तर लाखांहून अधिक लोकांनी नावे नोंदवली. प्रचारात दोन्ही बाजूंना टेलिव्हिजनवर रोज रात्री पंधरा-पंधरा मिनिटे फुकट मिळाली. तेवढे सोडून बाकीचा सारा दिवस सरकारच्याच बाजूचा होता! पण पंधरा वर्षे ज्यांचा चेहरा पडद्यावर दिसला नव्हता, त्यांना रोजची पंधरा मिनिटे पुरली. ५ ऑक्टोबर १९८८ रोजी सुमारे ५५ टक्के मते ‘नाही’ला पडली. त्या रात्री सरकार निकाल अडकवून धरील अशी धास्ती होती. पण विरोधकांनी केंद्राकेंद्रावरचे आकडे स्वतः गोळा केले होते, आणि परदेशांतून आलेली शिष्टमंडळे सांतियागोत बसून होती. मध्यरात्रीनंतर विमानदलाचा प्रमुख मात्तेई याने राजवाड्यात शिरतानाच पत्रकारांना सांगून टाकले की ‘नाही’ची बाजू जिंकली आहे. इतके डोळे उघडे असताना आकडा फिरवणे सोपे राहिले नव्हते.

दुसरे उदाहरण निकाराग्वाचे, आणि ते आपल्या विषयाच्या अधिक जवळचे आहे. तेथे सँदिनिस्ता पक्षाचे सरकार होते, आणि अमेरिकेच्या पाठबळावर लढणाऱ्या बंडखोरांशी त्याचे वर्षानुवर्षे युद्ध चालू होते. अशा देशात २५ फेब्रुवारी १९९० रोजी मतदान ठरले. सरकारने स्वतः संयुक्त राष्ट्रसंघाला निमंत्रण दिले. एका स्वतंत्र देशातील निवडणुकीचे निरीक्षण करण्याची राष्ट्रसंघाची ही पहिलीच वेळ. त्याची माणसे १९८९ च्या ऑगस्टपासूनच, म्हणजे मतदानाच्या सहा महिने आधीपासून, तेथे होती. अमेरिका खंडातील राष्ट्रांच्या संघटनेची माणसे होती, माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांचे शिष्टमंडळ होते, शिवाय नागरिकांचे कितीतरी गट होते. डिसेंबरात मासातेपे या गावी विरोधकांच्या सभेच्या वेळी दंगल झाली आणि एक जीव गेला. निरीक्षक नुसती नोंद करून थांबले नाहीत. दोन्ही पक्षांशी आणि सरकारशी त्यांची बोलणी झाली, सभांच्या बंदोबस्ताची रीत ठरली आणि पुढच्या सभा पुष्कळ शांततेने पार पडल्या. ही गोष्ट मतदानाच्या आदल्या दिवशी विमानाने उतरणाऱ्या पाहुण्याच्या हातून झाली असती काय?

मतदान झाले. बहुतेकांचा होरा असा होता की अध्यक्ष ओर्तेगा पुन्हा येणार. रात्री राष्ट्रसंघाच्या माणसांनी निवडक केंद्रांवरच्या मोजणीवरून अंदाज काढला, तर व्हियोलेता चामोरो या बाईंना सुमारे ५५ टक्के आणि ओर्तेगांना सुमारे ४१ टक्के! बाईंचे पती वर्तमानपत्राचे संपादक होते आणि १९७८ मध्ये त्यांचा खून झाला होता. मध्यरात्रीच्या सुमारास कार्टर आणि इतर निरीक्षकप्रमुख ओर्तेगांकडे गेले. कार्टर स्वतः १९८० साली निवडणूक हरलेले गृहस्थ. आपण एकदा जिंकलो आहोत आणि एकदा हरलोही आहोत, आणि हरल्यावर काही जग बुडत नाही, अशा आशयाचे त्यांनी ओर्तेगांना सांगितले. पहाटे ओर्तेगांनी पराभव मान्य केला. सहा महिने दोन्ही बाजूंना सारखे वागवले होते म्हणून त्या रात्री हरणाऱ्याने पाहुण्यांचा शब्द ऐकून घेतला. ओळख नसलेल्या माणसाने येऊन ‘तुम्ही हरलात’ म्हटले, तर कोण ऐकेल?

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. कारण साक्ष जशी तारते तशी ती मारूही शकते. खोट्या सोन्यावर सराफाने शिक्का मारून दिला, तर फसणाऱ्याचे नुकसान दुप्पट होते.

१९९१ मध्ये स्वतंत्र झालेल्या अझरबैजानमध्ये ९ ऑक्टोबर २०१३ रोजी अध्यक्षपदाची निवडणूक होती. मतदानाच्या आदल्या दिवशीच निवडणूक आयोगाच्या मोबाइल अॅपवर निकाल झळकला! विद्यमान अध्यक्ष अलियेव यांना सुमारे ७३ टक्के. ती केवळ चाचणी होती, असा खुलासा नंतर करण्यात आला. पण माझा मुद्दा त्या अॅपचा नाही, पुढचा आहे. मतदान झाल्यावर परदेशी पाहुण्यांच्या दोन साक्षी आल्या. वॉर्साच्या कार्यालयाचे निरीक्षक कित्येक आठवडे तेथे होते. त्यांनी सांगितले की प्रचाराला मोकळीक नव्हती, प्रसारमाध्यमे एकतर्फी होती आणि जेथे मोजणी पाहिली त्यांतल्या ५८ टक्के केंद्रांवर ती वाईट किंवा अतिशय वाईट होती. उलट, युरोपियन पार्लमेंट आणि युरोप परिषदेची संसदीय सभा यांच्या शिष्टमंडळांनी, जी मतदानाच्या दिवसापुरती आली होती, निवेदन काढले की त्या दिवशी आम्ही पाहिले ते मोकळे, रास्त आणि पारदर्शक होते. शहर एक, दिवस एक आणि साक्षी दोन! सरकारी वर्तमानपत्रांनी कोणती छापली असेल, हे आपण सुज्ञ श्रोते आहात, सांगावयास नको. पुढे २०१८ मध्ये त्याच संसदीय सभेने नेमलेल्या स्वतंत्र चौकशी मंडळाने असा निष्कर्ष काढला की, अझरबैजानच्या बाबतीत सभेच्या काही आजी-माजी सदस्यांच्या वर्तनात भ्रष्टाचाराचा दाट संशय आहे. म्हणजे साक्षीदारांवरही कोणी नजर ठेवावयास हवी!

दुसरी गोष्ट केनियाची आहे, आणि ती अधिक विचारात पाडणारी आहे, कारण तेथे कोणाच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नव्हती. ८ ऑगस्ट २०१७ रोजी मतदान झाले. त्याच्या थोडेच दिवस आधी निवडणूक आयोगाच्या संगणक-व्यवस्थेतला एक जबाबदार अधिकारी क्रिस म्सांदो याचा छळ करून खून झाला होता. चाळीस हजारांहून अधिक केंद्रांवरच्या निकालाचे कागद संगणकाद्वारे राजधानीत यावयाचे होते. युरोपीय संघ, आफ्रिकी संघ, राष्ट्रकुल, कार्टर यांची संस्था, अशी बडी शिष्टमंडळे आली होती. मतदानानंतर दोनच दिवसांत त्यांची पहिली निवेदने निघाली. मतदान शांततेत झाले, मोजणी व्यवस्थित दिसते, ज्यांची तक्रार असेल त्यांनी कायद्याच्या मार्गाने जावे, असा त्यांचा सूर होता. निवेदने प्राथमिक आहेत असेही त्यांत लिहिले होते. पण ‘प्राथमिक’ हा शब्द कोण वाचतो? जगभर बातमी गेली ती ‘निवडणूक रास्त झाली’ एवढीच. १ सप्टेंबरला केनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध दोन अशा बहुमताने ती निवडणूकच रद्द केली. निकाल पाठवण्याच्या कामात कायद्याचे उल्लंघन झाले होते, आणि न्यायालयाने हुकूम देऊनही आयोगाने आपली संगणकयंत्रणा पुरती तपासू दिली नव्हती.

येथे निरीक्षक खोटे बोलले काय? नाही. त्यांनी जे पाहिले ते सांगितले. पण जे पाहिले नाही, त्यावरही लोकांनी त्यांचाच शिक्का समजला, आणि हा गैरसमज होईल हे त्यांना कळावयास हवे होते. साक्षीदाराचे पहिले कर्तव्य खरे बोलणे हे आहेच. दुसरेही तितकेच महत्त्वाचे आहे: आपल्याला कोठवर दिसले आणि कोठून पुढे दिसले नाही, हे तितक्याच मोठ्या आवाजात सांगणे. शिवाय बड्या पाहुण्यांना एक मोह असतो. देशात दंगल होऊ नये, शांतता राहावी, ही इच्छा चांगली आहे. पण शांतता आणि न्याय या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एकीसाठी दुसरीची साक्ष बदलली, तर अखेर दोन्ही हातच्या जातात.

मग या साऱ्यातून काय शिकावयाचे? मला वाटते, ‘कोणाच्या शेजारी उभे राहावे’ या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर फिलिपाइन्सने दिले आहे. तेथे अध्यक्ष मार्कोस यांनी वीस वर्षे राज्य केले होते. ७ फेब्रुवारी १९८६ रोजी त्यांनी मुदतीपूर्वीच निवडणूक घेतली. समोर होत्या कोराझोन अकिनो. त्यांचे पती बेनिग्नो यांना १९८३ साली मनिलाच्या विमानतळावर गोळी घालून मारले होते. प्रचारात टेलिव्हिजन जवळजवळ सगळे मार्कोस यांचेच होते. परदेशांतून शिष्टमंडळे आली. एक अमेरिकन सिनेटर लुगार यांचे, एक कोलंबियाचे माजी अध्यक्ष पास्त्राना आणि उत्तर आयर्लंडचे जॉन ह्यूम यांच्या नेतृत्वाखालचे. पण खरा पहारा त्यांचा नव्हता. ‘नामफ्रेल’ नावाची तेथल्याच नागरिकांची एक संघटना होती, तिचे सुमारे पाच लाख स्वयंसेवक होते. त्यांत विद्यार्थी होते, गृहिणी होत्या, व्यापारी होते, जोगिणी होत्या. गुंड मतपेट्या पळवू लागले तेव्हा या बायकांनी एकमेकींचे हात धरून पेट्यांभोवती कडे केले. लक्षावधी मतदारांना आपले नावच यादीत सापडेना. मोल्दाव्हियाची जुनी युक्ती! ९ फेब्रुवारीच्या रात्री सरकारी मोजणीच्या संगणकावर काम करणारी तीसेक तरुण माणसे, बहुतेक मुलीच, फलकावरचे आकडे आपल्या आकड्यांशी जुळत नाहीत म्हणून जागेवरून उठली आणि चालती झाली. त्यांनी एका चर्चमध्ये आसरा घेतला. अमेरिकेचे अध्यक्ष रीगन ११ तारखेला म्हणाले की लबाडी दोन्ही बाजूंनी झाली असावी. त्याच दिवशी अँटिक प्रांतात विरोधी पक्षाचे नेते एव्हेलियो हावियेर यांना भर दिवसा गोळ्या घालण्यात आल्या. वॉशिंग्टनमध्ये बसून ‘दोन्ही बाजू’ म्हणणे सोपे होते. प्रत्यक्ष जाऊन आलेल्या लुगार यांना तसे म्हणता येईना. लबाडी कोणी केली, हे त्यांनी स्वच्छ सांगितले. २५ फेब्रुवारीला मार्कोस देश सोडून गेले.

यात नीट पाहण्यासारखी गोष्ट ही की, देश वाचवला तो पाच लाख घरच्या माणसांनी. पाहुण्यांनी केले ते एवढेच, की त्या माणसांचा शब्द जगाच्या कानी पोहोचवला आणि त्यांना एकटे पडू दिले नाही. घरचा साक्षीदार जास्त जाणतो, पण त्याला भय असते. पाहुण्याला भय कमी, पण तो कमी जाणतो. दोघे शेजारी उभे राहिले तरच साक्ष पुरी होते. पाहुणा विमानाने परत जातो. ज्याने तक्रार सांगितली तो मात्र तेथेच राहतो, हे पाहुण्याने एक क्षणही विसरता कामा नये. १९९७ मध्ये बँकॉक येथे आशियातील अशा नागरिक संघटनांनी आपले एक जाळे उभारले. शेजारच्या देशातला कार्यकर्ता दुसऱ्या देशात निरीक्षक म्हणून जातो, तेव्हा तो उपदेशक म्हणून जात नाही. आपल्या घरची दुखणी ठाऊक असलेला माणूस म्हणून जातो.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळतो. यांना विचारले कोणी? पहिले उत्तर असे की, निमंत्रणाशिवाय जाणे बरोबर नाही, आणि प्रामाणिक शिष्टमंडळे तशी जातही नाहीत. १९९० साली कोपनहेगन येथे युरोप व उत्तर अमेरिकेतील राष्ट्रांनी परस्परांना वचन दिले की, आम्ही आपल्या निवडणुका पाहण्यास एकमेकांना बोलावू. यात मोठा-लहान असा भेद नाही. अमेरिकेच्या निवडणुकाही २००२ पासून या संघटनेच्या निरीक्षकांनी पाहिल्या आहेत. २००५ च्या २७ ऑक्टोबरला न्यूयॉर्क येथे राष्ट्रसंघात निरीक्षणाच्या तत्त्वांचा जाहीरनामा आणि निरीक्षकांसाठी आचारसंहिता मान्य झाली. त्या देशाचे कायदे पाळा, ढवळाढवळ करू नका, पक्षपात करू नका आणि पुराव्यावाचून निष्कर्ष काढू नका, असे तिचे सार आहे.

दुसरे उत्तर आपल्या घरातले आहे. १९५३ साली सुदानमध्ये पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. ब्रिटन आणि इजिप्त दोघांचाही त्या देशावर हक्काचा दावा होता, आणि प्रचारात लुडबूड केल्याचा आरोप दोघे एकमेकांवर करीत होते. सात जणांचे आयोग नेमले गेले: तीन सुदानी, एक ब्रिटिश, एक इजिप्शियन, एक अमेरिकन आणि एक भारतीय. अध्यक्षपद दोन्ही बाजूंना चालेल अशा माणसाला द्यावयाचे होते. ते भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांना मिळाले. स्वतःच्या देशात सतरा कोटींहून अधिक मतदारांची निवडणूक त्यांनी नुकतीच पार पाडली होती. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची मुलगी’ एवढेच सांगून स्वतःचे नाव न देणाऱ्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नोंद यादीतून वगळावी लागली, ही व्यथाही त्यांनी जवळून पाहिली होती. यादीत नाव असणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवावयाची गरज नव्हती. अशा माणसाने सुदानात जाऊन काम केले. १ जानेवारी १९५६ रोजी सुदान स्वतंत्र झाला. त्याची पुढची वाटचाल दुःखाची आहे. चांगली निवडणूक ही चांगल्या राज्याची हमी नव्हे. पण त्या वेळी भारतीय माणसाला बोलावले, ते त्याच्या देशाचे बळ पाहून नव्हे, त्याच्या हाताची स्वच्छता पाहून.

तेव्हा आपण परक्यांची साक्ष नाकारावी की स्वीकारावी, असा प्रश्नच मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. आपला निवडणूक आयोगही परदेशी पाहुण्यांना बोलावतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत तेवीस देशांतून पंचाहत्तर जण आले होते. ते येतील, पाहतील, जातील. परंतु पाहुण्याच्या हाताने साप मारण्याची सवय कोणत्याच घराला लागू नये. मतदारयादी प्रसिद्ध होते तेव्हा हरकती घेण्यासाठी मुदत असते. त्या मुदतीत आपल्या वॉर्डाची यादी आपल्यापैकी कितीजण उघडून पाहतात? शेजारच्या म्हातारीचे नाव गळले असेल, तर कोण धावतो? सत्तेवर आपलाच पक्ष असताना सरकारी मोटार प्रचाराला लागली, तर कोण बोलतो? विरोधकाला मैदान नाकारले तर आपल्याला राग येतो, की मनातून बरे वाटते? पक्षांनी पाळावयाची आचारसंहिता आपल्याकडे १९६० साली केरळात प्रथम आली, पण ती पाळली जाते की नाही हे पाहणारे डोळे काही दिल्लीहून यावयाचे नाहीत.

व्होगोरिदेने १८५७ साली यादी बिघडवली, तेव्हा आपली गळलेली नावे प्रथम त्या गावच्या माणसांनीच पाहिली होती. कमिशनला ती नंतर दिसली. सगळीकडे हाच क्रम असतो. परदेशचा निरीक्षक कितीही प्रामाणिक असला, तरी त्याच्या वहीत पहिली ओळ घालतो तो स्थानिक नागरिकच. ती ओळ लिहून देण्याची हिंमत ज्या गावात आहे, त्या गावाची निवडणूक सहसा कोणाला चोरता येत नाही.